पहिल्या ओळीच्या वर

"माझ्या हातून छापून गेलेल्या मालात चूक दाखवा, मी भर चौकातली पाटी माझ्या हातानं उतरवतो," असं भालचंद्र उपळेकर माईकवरून म्हणाले. मग माईक चालू होता ना याची खात्री करून घेतली आणि पुन्हा एकदा म्हणाले.

समोर निम्मं तासगाव जमलं होतं. भूमिपूजन उरकलं होतं, पेढे संपले होते, तरी कुणी जागचं हलत नव्हतं, कारण खरी गंमत पुढेच होती. गावात पहिल्यांदाच घर बांधलं जाणार नव्हतं, छापलं जाणार होतं.

उपळेकरांकडे छापणं तिसऱ्या पिढीत चालत आलेलं. आजोबांनी शिशाचे खिळे जुळवले, वडिलांनी ऑफसेट आणलं, आणि भालचंद्रांनी लग्नपत्रिकांवर संसार केला. पुढे लोकांनी पत्रिका मोबाईलवरच पाठवायला सुरुवात केली आणि कागदाचं काम बसलं. तेव्हा त्यांची मुलगी ऋजुता म्हणाली, कागद नाही तर नाही, भिंती छापू. तिनं 'सुगरण' आणलं. चार चाकांवर उभा एक उंच हात, हाताच्या टोकाला जाड नळी, नळीतून मुरूम, चुना, राख आणि उसाच्या चिपाडाचा भुगा यांचं पिठल्याएवढं दाट मिश्रण. हात फिरत राहतो, थरावर थर चढत जातो, सकाळी सुरू केलं की दिवस मावळायच्या आत भिंती, छप्पर, सगळं उभं. त्या नावाचा पक्षी घरटं विणतो तसं.

चौकातल्या दुकानावर नवी पाटी लागली होती. 'उपळेकर आणि कन्या. घरे छापून मिळतील.' त्यातल्या 'आणि कन्या'चा रंग अजून हाताला लागत होता.

तो वाळेल की नाही, हाच खरा प्रश्न होता. ऋजुताला चेन्नईच्या एका पूल छापणाऱ्या कंपनीनं बोलावलं होतं. तिनं वडिलांना स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, एक घर आपण मिळून करू. जमलं तर मी इथेच राहते. पण अट एकच. मी फाईल फायनल म्हटली की तुम्ही तिला हात लावायचा नाही. 'जरा बघतो' म्हणायचं नाही."

"मी कशाला हात लावू?" भालचंद्र दुखावून म्हणाले होते. गेली तीस वर्षं फायनल झालेल्या प्रत्येक पत्रिकेला त्यांनी हात लावला होता.

आणि पहिलं घर कुणाचं, तर देवस्थळी बाईंचं. नलिनी देवस्थळी, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेचा वार्षिक अंक उपळेकरांकडेच छापला जायचा, आणि दर वर्षी बाई त्यात एक चूक शोधून, तिला लाल गोल करून, अंक भालचंद्रांकडे शिपायाबरोबर परत पाठवायच्या. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता गोल. माईकवरची ती बढाई निम्म्या तासगावाला ऐकवलेली असली तरी तिचा पत्ता एकच होता.

बाई आल्या त्या घडीची खुर्ची, छत्री, थर्मास आणि लाल पेन घेऊन. चुन्यानं आखलेल्या घराच्या बरोबर मधोमध त्यांनी खुर्ची मांडली.

"बाई, तुम्ही बाहेर बसा की मांडवात," भालचंद्र म्हणाले.

"मी हॉलमध्ये बसले आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या हॉलमध्ये मी बसू नको? आणि प्रूफ मी नेहमी चालू छपाईतच बघते. नंतर बघून तुझा काय उपयोग होतो, ते मला माहीत आहे."

लोक हसले. भालचंद्रही हसले, पण माईकपासून लांब होऊन.

*

आता त्या फाईलची गोष्ट. ऋजुतानं ती वडिलांना आठवडाभर आधी समजावून सांगितली होती, चहा पिता पिता, दुकानातच.

"घराचा नकाशा मशीनला चित्रासारखा दिसत नाही बाबा. सगळं लिहून द्यावं लागतं, आणि प्रत्येक गोष्टीला खुणेच्या पट्ट्या लावाव्या लागतात. इथे भिंत सुरू, इथे भिंत संपली. तिच्या आत दार सुरू, दार संपलं."

"पत्रिकेसारखंच. इथे वधूपक्ष संपला, इथे आहेर आणू नये."

"तसंच समजा. पण मशीनला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. अमुक आकडा म्हणजे क, तमुक म्हणजे ख. आता कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचे तक्ते जगात पुष्कळ. तक्ता चुकला की अक्षर चुकलं."

भालचंद्रांचा चेहरा उजळला. "खिळ्यांची पेटी! आपल्या पेटीत क एका खणात, दुसऱ्या छापखान्यात भलत्याच खणात. नवा माणूस कामाला आला की पहिले चार दिवस नुसता गोंधळ. हात सवयीनं जायचा आणि 'कमल'च्या जागी 'समल' जुळायचं."

"बरोबर. म्हणून फाईलच्या पहिल्या ओळीत दोन गोष्टी जाहीर करायच्या. खुणांची ही आवृत्ती कितवी, आणि अक्षरं कुठल्या तक्त्यातली."

"पण मग ती पहिली ओळ वाचायला कुठला तक्ता धरायचा?"

ऋजुतानं कप खाली ठेवला. बाबा कधीकधी असं विचारायचे की चेन्नई लांब वाटायची. "तिथेच तर मेख आहे. ती ओळ काय वाट्टेल ते झालं तरी अगदी सुरुवातीला हवी. मशीन पहिली चारपाच चिन्हं आंधळ्यासारखी चाचपून बघतं. ओळखीची खूण लागली की मग पुढचं वाचतं. तिच्या आधी काही म्हणजे काही नको. रिकामी जागासुद्धा नको. आधी काही आलं, की मशीनच्या लेखी ती ओळ नाहीच."

"कळलं," भालचंद्र म्हणाले. डॉक्टरांनी तळलेलं कमी खा म्हटल्यावर कळतं, तेवढं त्यांना कळलं.

सुगरण मूळ ज्या देशात घडलं, तिथे ते भारी शिस्तीचं होतं. फाईलमध्ये एवढंसं काही चुकलं की जागच्या जागी थांबायचं. आपल्याकडे आल्यावर ते पहिल्या सहा महिन्यांत कुठेच सुरू झालं नाही. मग इथल्या विक्रेत्यानं कंपनीच्या हातापाया पडून त्यात एक पिवळं बटण घालून घेतलं. त्या बटणाला सगळे 'अ‍ॅडजस्ट' म्हणत. ते दाबलेलं असलं की यंत्र थांबत नाही. कळेल ते करतं, न कळेल ते सोडून देतं. पहिली ओळ सापडली नाही तर सगळ्यात जुनी आवृत्ती धरतं, अक्षरांना आपल्या माहेरचा तक्ता लावतं, आणि कामाला लागतं. ऋजुताला ते बटण बंद ठेवायचं होतं. भालचंद्र म्हणाले, "राहू दे चालू. चार लोकांत काम करायचं तर थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं." फाईल बिनचूक असल्यावर बटणानं काही फरक पडत नाही, म्हणून तिनंही वाद घातला नाही.

फाईल बिनचूक होतीच. भूमिपूजनाच्या आदल्या संध्याकाळी भालचंद्रांनी ती नुसती उघडून बघितली तेव्हाही होती.

हात लावायचा नव्हताच त्यांना. पण पहिली ओळ बघून ते अस्वस्थ झाले. एक कंस, आणि कंसाला लागून चक्क प्रश्नचिन्ह. बाईंच्या घराची सुरुवात प्रश्नचिन्हानं? आणि त्याच्या वर कोरं, बोडकं. तीन पिढ्यांत त्या छापखान्यातून सुतकाचं कार्ड सोडलं तर 'श्री' शिवाय एक चिटोरं बाहेर गेलं नव्हतं. विजेच्या बिलाच्या पाकिटावरसुद्धा भालचंद्र कोपऱ्यात श्री लिहायचे. त्यांनी पहिल्या ओळीच्या वर मधोमध, दोन दंडांच्या मध्ये, श्री टाकलं आणि फाईल बंद केली. हा काही बदल नव्हता. मजकुराला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

*

सुगरण सुरू झालं तेव्हा टाळ्या पडल्या. हात सुरेख फिरत होता. पहिला थर, दुसरा थर, तिसरा थर. मुलं मोजत होती, म्हातारे 'आमच्या वेळी' सांगत होते, बेदाणा व्यापारी बाबगोंडा मगदूम सगळ्यांना खिशातले बेदाणे वाटत होते.

गुडघ्याएवढी भिंत झाली तेव्हा आतून बाईंचा आवाज आला, "भालचंद्र, कोपरे कुठे आहेत?"

भालचंद्रांनी बघितलं. कोपरे नव्हते. भिंत बाईंभोवती गोल फिरून परत आपल्याच शेपटीला मिळाली होती.

"हल्ली गोलच चालतं बाई," ते म्हणाले. "मोठ्या शहरांत कोपरे काढूनच टाकलेत."

कमरेएवढी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "आणि दार?"

"दार शेवटी येतं."

"शेवटी म्हणजे?"

"म्हणजे... शेवटी बसतं. पदार्थावर कोथिंबीर घालतो तसं."

ओल्या भिंतीला हात लावला तर ती तिथल्या तिथे बसली असती, म्हणून बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी थर्मास उघडला. भालचंद्र ऋजुताकडे वळले आणि हळूच म्हणाले, "दार शेवटी येतं ना गं?"

ऋजुता हातातल्या टॅबवर फाईल वरून खाली, खालून वर बघत होती. मग तिचं बोट एका जागी थांबलं.

"बाबा, फाईल उघडली होती तुम्ही?"

"नाही. म्हणजे उघडली. पण वाचली नाही."

"पहिल्या ओळीच्या वर हे काय आहे?"

"कुठे? ते? ते श्री आहे."

"कुणी घातलं?"

"घालायला काय, ते असतंच."

ऋजुतानं डोळे मिटून घेतले. "त्या ओळीच्या आधी काही नको म्हटलं होतं मी. रिकामी जागासुद्धा नको म्हटलं होतं."

"रिकामी जागा कुठे सोडली? म्हणूनच तर श्री घातलं."

"घालायचंच होतं तर खाली घालायचं."

"श्री खाली घालतात का कधी?" भालचंद्रांना मनापासून धक्का बसला.

"मशीनला पहिली ओळ दिसलीच नाही बाबा. त्यानं पहिली आवृत्ती धरलीय. आणि पहिली आवृत्ती घरांसाठी नव्हतीच. ती धान्याची कोठारं छापायला काढली होती. तिला भिंत कळते. दार, खिडकी, खोली, हे शब्द तिच्यात नाहीतच. जे कळत नाही ते ते सोडून देतंय." ती थांबली. "अ‍ॅडजस्ट करतंय."

तेवढ्यात गर्दीतून मोठा गलका झाला. डोक्याएवढ्या उंचीवर पोचल्यावर सुगरणनं भिंतीवर उठावाची अक्षरं काढायला सुरुवात केली होती. कोठाराला मालाचा मार्का लागतो, म्हणून फाईलमधला पहिला जो मजकूर हाताला लागला तो यंत्र पट्ट्यासारखा गोल छापत सुटलं होतं. मजकूर श्रीच होता, पण तक्ता माहेरचा. आपलं एकेक अक्षर आकड्यांत लिहिलं की त्याचे तीन तुकडे पडतात, आणि त्या तक्त्यात प्रत्येक तुकडा वेगळ्याच खणात जाऊन पडतो. डोक्यावर तिरकी काडी घेतलेला परदेशी ए, मग जपानचं येन, पुन्हा तो काडीवाला ए, पुन्हा येन, आणि वेलांटीच्या जागी ठसठशीत युरो. बाईंच्या घराभोवती परदेशी चलनाची माळ चढत होती.

"काय ओ अण्णा," मगदूम भारावून भालचंद्रांना म्हणाले, "हे कसलं डिझाईन म्हणायचं?"

"उपळेकर," आतून आवाज आला. बाई आडनावावर आल्या म्हणजे गोष्ट गेली, हे गावाला ठाऊक होतं. "हे प्रूफ चुकलेलं आहे. मला फक्त एवढं सांगा, चूक कुणाची?"

सगळं तासगाव भालचंद्रांकडे बघायला लागलं. पाटीचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, दोनदा ऐकवलेलं. भालचंद्रांनी तोंड उघडलं. त्यातून काही निघायच्या आत शेजारून ऋजुता म्हणाली, "माझी, बाई. फाईल माझी होती."

ती शांतपणे म्हणाली. जणू चेन्नईचं तिकीट खिशात होतं आणि जाताना बाबांची पाटी तेवढी शाबूत ठेवून जायची होती.

हे भालचंद्रांना कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी माईक उचलला. "चूक माझी," ते म्हणाले. निम्म्या तासगावानं ऐकलं, उरलेल्या निम्म्यानं भोंग्यावरून ऐकलं. "मुलीची फाईल बिनचूक होती. हात लावू नको म्हणाली होती. मी लावला. श्री घातलं. जिथे नको म्हणाली होती, बरोबर तिथेच घातलं. आणि दार शेवटी येत नाही. ते मी मनानं सांगितलं."

माईक ठेवून ते तडक यंत्राकडे गेले आणि लाल बटणाचं झाकण उघडलं.

"बाबा, थांबा," ऋजुता धावली. "मधेच थांबवलं तर मिश्रण नळीतच दगड होईल. हात कायमचा जाईल. मशीन संपलं."

"संपू दे. आत बाई आहेत."

"बाईंना काही झालेलं नाही," भिंतीपलीकडून बाई म्हणाल्या. "सावली छान आहे. भालचंद्र, त्या बटणावरून हात काढ. अर्धवट प्रूफ मी तपासत नाही. पूर्ण छापून होऊ दे."

भालचंद्रांनी हात काढला. बाई पुन्हा भालचंद्रवर आल्या होत्या.

*

मग काही इलाजच नव्हता, म्हणून सगळ्यांना मजा यायला लागली. भिंत चढत गेली, वर घुमट मिटत आला. कोठारातून धान्य काढायला खाली जमिनीलगत एक हातभर मोरी असते, तेवढी पहिल्या आवृत्तीला बरोबर येत होती. त्या मोरीतून बाईंना चहा गेला, भजी गेली, मगदूमांचे बेदाणे गेले, आणि बाहेर दर थोड्या वेळानं एकेक कागद येत होता, त्यावर लाल अक्षरांत चुका. पहिल्या कागदावर होतं, 'खिडक्या नाहीत.' दुसऱ्यावर, 'स्वयंपाकघर नाही.' तिसऱ्यावर, 'भजी गार.'

उन्हं उतरताना सुगरण थांबलं आणि समाधानानं शिट्टी वाजवली. घुमटाच्या टोकाला धान्य ओतायचं भोक होतं. भालचंद्र चौकातून पाटीची शिडी घेऊन आले, मगदूमांच्या गोदामातून दुसरी आली. एक बाहेरून लावली, एक आत सोडली. थोड्या वेळानं भोकातून आधी छत्री आली, मग थर्मास, मग पदर खोचलेल्या देवस्थळी बाई. त्यांनी घुमटावर उभं राहून गावाकडे एकवार बघितलं.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, "पान भरून चुका सापडल्या. मला फार बरं वाटतंय."

टाळ्या सकाळच्यापेक्षा जास्त पडल्या.

लोक पांगले तरी मगदूम गेले नव्हते. ते मोरीतून आत डोकं घालून बसले होते. बाहेर आले ते लाल होऊन. "अण्णा, आत हवा किती गार हाय. ऊन न्हाई, मोरीला झाकण बसवलं की उंदराला फट न्हाई, चोराला दार न्हाई. बेदाण्याला दुसरं काय लागतंय? आन् वर येन, युरो. परदेशी पार्टी आली तर बघूनच सही करंल. मला चार पाहिजेत. हुबेहूब अशीच."

"त्यासाठी मी कोठाराची स्वच्छ नवी फाईल करून देते," ऋजुता म्हणाली.

"नवी नको ताई. हीच. त्या श्रीनंच हे सगळं आणलंय, त्येला हालवायचं न्हाई."

भालचंद्र त्या गडबडीतून गुपचूप निसटले. ऋजुता चौकात पोचली तेव्हा ते शिडीवर होते आणि पाटीचा एक खिळा निघाला होता.

"बाबा, उतरा."

"बोललोय मी. माईकवर."

"ती तुमची अट होती. माझी वेगळी होती."

"ती पण मोडली." त्यांनी खाली बघितलं नाही. "तू जा चेन्नईला. पूल छाप. तिथे कुणी श्री घालणार नाही."

ऋजुता शिडी धरून उभी राहिली. "मला वाटलं होतं, काही झालं तरी तुम्ही दार शेवटी येतं हेच म्हणत राहणार. तसं म्हणत राहिला असतात तर मी गेलेच असते." मग म्हणाली, "चेन्नईला नाही म्हणून कळवलंय मघाशी. तो खिळा परत ठोका. आणि 'कन्या'वरचा हात काढा, रंग पुसतोय."

भालचंद्रांनी हात काढला. तळव्यावर उलटं 'न्या' उमटलं होतं. ते त्यांनी दोन दिवस धुतलं नाही.

नवा नियम त्याच संध्याकाळी ठरला. भालचंद्रांनी कुठलीच फाईल उघडायची नाही. शेवटचं प्रूफ देवस्थळी बाई बघणार, त्यांनी सही केल्याशिवाय सुगरण हलणार नाही. बाईंनी आनंदानं मान्य केलं. ऋजुताकडे बसून त्यांनी सगळं शिकून घेतलं, खुणेच्या पट्ट्या, आवृत्त्या, तक्ते. पहिल्या ओळीचा नियम तर त्यांना इतका आवडला की तो त्यांनी वहीत उतरवून घेतला. त्यांचं स्वतःचं घर नंतर, पावसाळा संपल्यावर. आधी मगदूमांची कोठारं. फाईल तीच, श्रीसकट, जशीच्या तशी, अ‍ॅडजस्ट चालू ठेवून. तसं ऋजुतानं बाईंना दोनदा सांगितलं.

मंगळवारी बाईंनी फाईल तपासली, पहिल्याच ओळीच्या वर त्यांना एक ढळढळीत चूक दिसली, आणि लाल पेन हातात असताना ती तशीच ठेवणं त्यांच्यानं झालं नाही. श्री त्यांनी योग्य जागी, दाराच्या वर नेलं आणि सही केली.

बुधवारी संध्याकाळी मगदूमांच्या बेदाणा शेडजवळ दोन खोल्या, हॉल, हवेशीर स्वयंपाकघर आणि पूर्वेला खिडकी असलेलं घर तयार झालं. कोपरे काटकोनात होते. दारावर श्री होतं, आणि त्याखाली स्वच्छ मराठीत 'देवस्थळी'.